शेठ फोन उचलत नाही. विकायला दिलेली जुनी नाणी परत कशी मिळवायची?

चांदीने किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडला तसा जळगावच्या सराफ बाजारातला भाव रोजच्या बातमीत येऊ लागला, आणि खान्देशात घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. पेटीतून निघतात राणी छाप रुपये, जॉर्ज राजाचे रुपये, कुठे होळकरांचं एखादं नाणं, आजोबांनी जपलेला तिकिटांचा आल्बम. चांदीच्या वजनावर मोडायला मन धजत नाही. मग कोणीतरी नाव सुचवतं : अमुक शेठ जुनी नाणी विकून देतो, टक्केवारी घेतो. माल जातो. सुरुवातीला शेठ गोड बोलतो, "भो, लिलावात लावतो, चिंता करू नका." पुढे फोन नुसता वाजत राहतो. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही.

इथे बहुतेक जण एक तर रोज फोन करत राहतात, नाहीतर "गेलं ते गेलं" म्हणून सोडून देतात. दोन्हींत वेळ जातो आणि वेळ शेठच्या बाजूने असतो. कायद्यात तुमच्यासाठी बरंच काही आहे, पण त्याची सुरुवात एका कामापासून होते : शेठचं गप्प बसणं लेखी नकारात बदलून घेणं. ते का आणि कसं, ते पुढे येईल. आधी माल कोणाचा ते पाहू.

माल कोणाचा?

अमळनेरच्या किंवा धुळ्याच्या मार्केट यार्डात हरभरा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. अडत्या माल उतरवून घेतो, लिलाव करतो, आपली अडत घेतो आणि हिशोबाची पट्टी हातात देतो. लिलाव होईपर्यंत पोती अडत्याच्या गाळ्यात असली तरी माल शेतकऱ्याचाच असतो. नाणी विकून देणाऱ्या शेठचं तुमच्याशी नेमकं हेच नातं आहे. इंग्रजीतून आलेला शब्द कन्साइनमेंट, अर्थ अडतच.

भारतीय करार कायदा, १८७२ अशा माणसाला एजंट म्हणतो आणि त्याच्यावर स्पष्ट बंधनं घालतो. मागितल्यावर हिशोब दिला पाहिजे (कलम २१३). अडचण आली तर मालकाशी संपर्क साधून त्याच्या सूचना घेण्यासाठी धडपड केली पाहिजे (कलम २१४). विक्रीचे आलेले पैसे मालकाला दिले पाहिजेत (कलम २१८). म्हणजे फोन न उचलणं हा नुसता उद्धटपणा नाही, तो कर्तव्याचा भंग आहे. आणि ज्या कामासाठी वस्तू सोपवली ते काम संपलं किंवा मुदत संपली की न मागताही ती परत करायची असते. परत करायला उशीर केला आणि तेवढ्यात वस्तू हरवली किंवा खराब झाली, तर जबाबदारी त्याची.

अडत की जांगड? चिठ्ठी नीट वाचा

सराफ बाजारात माल देण्याची आणखी एक रीत आहे : जांगड. पसंत पडला तर ठेव आणि पैसे दे, नाहीतर परत कर. दिसायला अडतीसारखंच, पण मालविक्री कायदा, १९३० चं कलम २४ इथे वेगळंच वळण घेतं. पसंतीवर घेतलेला माल ठरलेली मुदत उलटेपर्यंत 'नको' न कळवता ठेवून घेतला, तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. मुदत ठरली नसेल तर रास्त काळ गेल्यावर जाते. त्यानंतर तुमचा हक्क नाण्यांवर राहत नाही, त्यांच्या किमतीवर राहतो. शेठ देणेकरी होतो, आणि देणेकऱ्यामागे पोलीस सहसा लागत नाहीत.

म्हणून ती कच्ची चिठ्ठी शोधा. पुष्कळदा ती एस्टिमेटच्या पानावर किंवा व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे असते. "विक्रीसाठी दिले, कमिशन १० टक्के" असं लिहिलं असेल तर अडत. "जांगड, एक महिना" असं असेल तर जांगड, आणि मग महिन्याची तारीख महत्त्वाची. "मालकी पैसे मिळेपर्यंत देणाऱ्याची" ही एक ओळ चिठ्ठीवर असेल तर तुमचं पारडं बरंच जड. ज्यांनी अजून माल दिलेला नाही, त्यांनी ही ओळ आणि 'परत करण्याचं ठिकाण : माझं राहतं घर' ही दुसरी ओळ लिहून घेतल्याशिवाय पेटी उघडू नये. शेठला राग आला तर येऊ द्यावा.

"मी रोज फोन करतोय, अजून काय करू?"

फोनचा पुरावा फारसा उरत नाही. मुदतीचा कायदा, १९६३ सांगतो की ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याचा दावा तीन वर्षांत करायचा, आणि ही तीन वर्षं मोजायची ती मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. एजंटाकडून हिशोब मागण्याच्या दाव्यालाही मागणी आणि नकार यांचाच आधार आहे. गंमत अशी की मुरलेला शेठ नकार कधी देतच नाही. तो 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो, ताकास तूर लागू देत नाही आणि प्रकरण भिजत पडतं. यावर उपाय म्हणजे तारीख घातलेलं मागणीपत्र. त्या तारखेपर्यंत माल आला नाही की ते मौनच तुम्हाला नकार म्हणून कोर्टापुढे मांडता येतं.

मात्र एक सावधगिरी. मागणी आज केली म्हणून मुदत आज सुरू झाली, या भरवशावर आठ-दहा वर्षं जुनं प्रकरण उकरू नका. वकिलांना यावर वाद घालायला आवडतं. तीन वर्षं माल दिल्याच्या दिवसापासूनच धरून चालाल तर कोणाशी वादच नको.

पत्र वकिलानेच लिहायला हवं असं नाही. साधारण मजकूर असा :

"दि. ... रोजी आपल्या दुकानी मी सोबतच्या यादीतील नाणी कमिशनवर विकून देण्यासाठी आपल्या ताब्यात दिली. त्यांची मालकी माझी आहे. आजपासून ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा इतर कोणाकडे देण्याचा आपला अधिकार मी काढून घेत आहे. शिल्लक नाणी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत परत करावीत. विकली गेलेली असल्यास प्रत्येकाची तारीख, किंमत, खरेदीदार व कापलेले कमिशन यांचा हिशोब व रक्कम द्यावी. आपला काही खर्च येणे असल्यास बिल पाठवावे. रास्त रक्कम देण्यास मी तयार आहे."

शेवटचं वाक्य सौजन्य म्हणून घातलेलं नाही. कमिशन आणि केलेला खर्च मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क एजंटाला आहे (करार कायद्याचं कलम २२१). ग्रेडिंगचे, म्हणजे नाण्याची प्रत ठरवून घेण्याचे, कुरिअरचे पैसे बाकी आहेत ही सबब त्यामुळे वरकरणी खरी ठरू शकते. तुम्ही आधीच बिल मागितलं आणि पैसे द्यायची तयारी दाखवली, की त्या सबबीतली हवा निघून जाते.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मागा. दुकान आणि घर, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. तोच मजकूर व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही टाका. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर उत्तमच. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल पोचलं असंच कायदा सहसा गृहीत धरतो. परत आलेलं पाकीट मात्र फोडू नका. कोर्टात ते बंदच दाखवायचं असतं, आत काय होतं ते न्यायाधीशांसमोर निघू द्या.

"पण पावतीच घेतली नव्हती"

विश्वासावर चालणारा धंदा, त्यामुळे ही तक्रार सगळ्यात जास्त. तोंडी करारही करारच असतो. सिद्ध करणं अवघड, एवढंच. चॅटमधलं "नाणी मिळाली, छान आहेत" हे शेठचं एक वाक्य पावतीच्या तोडीचं आहे. कुरिअरची पोहोच, माल देताना बरोबर आलेला मेहुणा, शेठने लिलावासाठी काढून पाठवलेले फोटो, टोकन म्हणून आलेले यूपीआयचे पैसे, हे सगळं जमवा. चॅट खोडू नका, आणि फोन बदलायचा असेल तर जुना विकू नका. नव्या पुरावा कायद्यात, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, चॅटच्या छापील प्रतीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

खरी अडचण पुढची आहे. माल दिला हे सिद्ध झालं तरी शेठ म्हणू शकतो, "ही घ्या तुमची नाणी," आणि भलतीच हातात ठेवू शकतो. जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ आहे. १९४० चा कुठेही मिळतो. नवख्या माणसाला तारखेपलीकडे फरक दिसत नाही. यादीत "जॉर्जचे रुपये, १४ नग" एवढंच लिहिलं असेल तर १९३९ चा एक जाऊन १९४० चा एक आला, तरी नग चौदाच भरतात. तीच गोष्ट पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, सरकारने नाणं मागे घेतलं आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. संग्राहक १९११ साठी जादा मोजतो, १९१२ साठी नाही.

म्हणून यादी नाण्यागणिक हवी : साल, टांकसाळीची खूण, दोन्ही बाजूंचा फोटो, सोनाराच्या काट्यावरचं वजन आणि त्या नाण्याचीच अशी एखादी खूण. राणी छाप रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, तुमचा ११.५१ भरत असेल तर तो आकडा म्हणजे त्याची ओळखच. राणीच्या गालावरचा चरा, कडेला लागलेली ठेच, कडी लावून दागिन्यात वापरल्याचा झाळ, जुनेपणाने आलेली निळसर झाक, हे सगळं लिहा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक पुरेसा असतो. माल आधीच गेला असेल तर जुने फोटो शोधा. मुंजीच्या फोटोत मागे नाण्यांची फ्रेम दिसत असेल तर तोही फोटो कामाचा.

"पोलीस म्हणतात, हे दिवाणी आहे"

म्हणतातच. आणि दर वेळी चूक म्हणतात असंही नाही. विकत घेऊन पैसे बुडवले तर ते बहुधा दिवाणीच. पण विकून देण्यासाठी विश्वासाने सोपवलेली वस्तू बेइमानीने स्वतःकडे वळवली, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३१६ आहे : एरवी पाच वर्षांपर्यंत कैद, व्यापारी, दलाल किंवा एजंट या नात्याने सोपवलेल्या मालात केला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. फरक कुठे पडतो ते लक्षात आलं असेल. सोपवलं की विकलं, हाच प्रश्न पुन्हा.

तक्रार अर्जात नेमकी हीच चूक होते. लोक रागाच्या भरात "फसवणूक व विश्वासघात केला" असं एका दमात लिहितात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात सांगितलं की हे दोन गुन्हे वेगळे आहेत आणि एकाच घटनेत दोन्ही एकत्र नांदत नाहीत. फसवणुकीत माल घेतानाच मनात खोट असते. न्यासभंगात माल सरळ मार्गाने हाती येतो आणि नीयत नंतर फिरते. तुमच्या बाबतीत काय घडलं ते ठरवा आणि तेवढंच लिहा : सोपवल्याची तारीख, यादी, मागणीपत्र, उलटलेली मुदत. विशेषणं गाळा.

ठाण्यात अर्ज दिला की पोहोच घ्या. आर्थिक वादात पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालातच मान्य केलं आहे, तेव्हा लगेच गुन्हा नोंदवला नाही म्हणून भांडू नका. दखलच घेतली नाही तर अर्ज पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, आणि त्यानंतरही काही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. क्रम हाच ठेवा. अधली पायरी गाळून कोर्टात गेलात तर परत पाठवतील.

शेठ परगावचा असेल तर? नंदुरबारहून सुरत आणि जळगावहून इंदूर हे मुंबईपेक्षा जवळ, त्यामुळे खान्देशातला माल पुष्कळदा राज्याबाहेर जातो. न्यासभंगाची चौकशी माल जिथे दिला तिथे होते, तशीच तो जिथे परत करायचा ठरला होता तिथेही होऊ शकते. चिठ्ठीत परतीचं ठिकाण लिहून घ्या असं वर म्हटलं, ते याचसाठी.

गुन्हा नोंदवला आणि नाणी जप्त झाली, तरी ती लगेच तुमच्या हातात येत नाहीत. ती मुद्देमाल होतात. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, सुपूर्तनामा, म्हणजे जपून ठेवण्याची लेखी हमी, लिहून देऊन ताबा मिळतो, आणि खटला संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही अशी अट बहुधा असते. विकायची घाई असणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

"दोन पोरं घेऊन दुकानात जातो"

जाऊ नका. माल तुमचा असला तरी दमदाटीने उचललात तर गुन्हा तुमच्यावर. एक शांत डोक्याचा साक्षीदार घेऊन एकदा जरूर जा, नाणी मागा, काय उत्तर मिळालं ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शेठलाच लिहून पाठवा. संग्राहकांच्या ग्रुपवर 'चोर', 'लबाड' लिहिणंही टाळा, बदनामीचा उलटा खटला उभा राहतो. "या क्रमांकाची, या फोटोतली नाणी माझी आहेत, मी विक्रीची परवानगी काढून घेतली आहे" एवढं लिहिलं तर ती वस्तुस्थिती आहे.

"विकूनच टाकली असतील तर?"

तर नाणी बहुतेक गेली. मालविक्री कायद्याचं कलम २७ प्रामाणिक खरेदीदाराला वाचवतं : मालकाच्या संमतीने माल बाळगणाऱ्या व्यापारी एजंटाकडून, धंद्याच्या नेहमीच्या रीतीने, काही ठाऊक नसताना ज्याने घेतलं, त्याचं नाणं पक्कं. गहाणाचंही असंच. तुम्हाला राहतात ते शेठकडून पैसे. मालकाच्या नजरेने हा नियम कठोर वाटतो, पण तो नसता तर बाजारात कोणी कोणाकडून काही घेतलंच नसतं. खरेदीदाराला 'ठाऊक' असेल तर हे संरक्षण नाही, म्हणून अधिकार काढून घेतल्याचं पत्र मोठ्या लिलाव कंपन्यांना आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांना यादीसह लवकर पाठवण्यात अर्थ आहे.

पैसे किती? शेठ चांदीच्या वजनाचा हिशोब मांडेल. तुम्ही तशाच नाण्याला तशाच अवस्थेत लिलावात आलेल्या किमती मांडा. या किमती लिलाव कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. छापून ठेवा.

दिवाणी कोर्ट की ग्राहक आयोग?

नाणीच परत हवी असतील तर दिवाणी कोर्ट. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ८ म्हणतं की वस्तू एजंट म्हणून धरून ठेवणाऱ्याला तीच वस्तू परत द्यायला लावता येते. पैशाने भरपाई होत नसेल, तर त्या कारणावरही. दाव्यासोबत लगेच तात्पुरता मनाई हुकूम मागा, म्हणजे निकालापर्यंत नाणी विकता येणार नाहीत. निकालाला वर्षं लागतील. खरं काम हा हुकूमच करतो. तो हातात पडला की गप्प शेठला वाचा फुटते.

ग्राहक आयोग स्वस्त आणि तुमच्या जिल्ह्यात. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. कमिशन अजून दिलेलं नसलं तरी द्यायचं ठरलं होतं हे पुरतं. घरातला संग्रह एकदाच विकणाऱ्याला हा रस्ता मोकळा आहे. सतत घेणं-विकणं करणाऱ्याला "हा व्यापारी हेतू" असा आक्षेप हमखास येतो. रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत शेठला बोलावता येतं, फी नाही. पण तो आलाच पाहिजे अशी सक्तीही नाही.

शेठ वारला, दुकान बंद पडलं

मौनाचं कारण दर वेळी लबाडी नसतं. शेठ दवाखान्यात असतो, वारलेला असतो, आणि पोरांना कपाटातल्या कोणत्या पाकिटात कोणाचा माल ते ठाऊक नसतं. वारसांना बापाची मालमत्ता मिळते, बापाकडे ठेवलेली तुमची नाही. सुतक संपल्यावर समक्ष भेटा, यादी आणि फोटो द्या, आणि तेच मागणीपत्र सगळ्या वारसांच्या नावे पाठवा. विक्रेता कंपनी असून दिवाळखोरीत गेली असेल तर नेमलेल्या अधिकाऱ्याला ताबडतोब लिहा. दुसऱ्याच्या मालकीचा, नुसता ताब्यात असलेला माल कंपनीच्या मालमत्तेत धरायचा नसतो.

तक्रार करण्यापूर्वी हे तपासा

नाणी शेतात नांगरताना सापडलेली असतील तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक असतं. न कळवता विकायला दिली असतील तर ठाण्यात जाण्याआधी वकिलाकडे जा. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी विक्रेत्याकडे कुरिअरने धाडली असतील तरीही तेच. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाहीत आणि शिक्षा किमान सहा महिन्यांची आहे. आणि "तुमची नोट लाखाला घेतो, आधी कमिशन भरा" असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी सांगत असेल तर तो अडत्याच नव्हे. असल्या फसवणुकीपासून बँकेने २०२१ मध्येच सावध केलं आहे. तिथे वस्तू परत मिळवण्याचा प्रश्न नाही, सरळ सायबर तक्रारीचा १९३० क्रमांक.

नाणी परत देतो असा निरोप आलाच, तर काटा, भिंग आणि यादी सोबत घेऊन जा. शेठ आधी सहीसाठी कागद पुढे करेल : "सर्व माल मिळाला, कोणतीही तक्रार नाही." एकेक नाणं यादीशी ताडून होईपर्यंत त्यावर सही करू नका. तेवढा वेळ द्यायला तो तयार नसेल तर लिहा, "१४ नग मिळाले, तपासणी बाकी," खाली तारीख घाला आणि शेठचीही सही घ्या.